खानापूरचा एजंट दुबईच्या नोकरीसाठी दीड लाख मागतोय, द्यावेत का?

मुळीच नको. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली केंद्राकडे नोंदणी सक्तीची आहे. बेळगावात नुसता बोर्ड लावून भागत नाही. उमेदवाराकडून त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊनच. मग दीड लाख कशाचे? आधी नोंदणी क्रमांक मागा आणि केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट या वेबसाइटवर तपासा. 'मी मुंबईच्या कंपनीचा सब-एजंट' म्हणाला तर सरळ उठून या, सब-एजंट कायद्याला चालतच नाही. व्हिजिट व्हिसावर, म्हणजे नुसत्या फिरायला जाण्याच्या व्हिसावर, पाठवतो म्हणाला तरी तेच. आमच्या गल्लीतला एक पोरगा तसाच गेला, दोन महिन्यांत परत आला. पैसे बुडाले ते बुडालेच. सरकारी रोजगार विनिमय केंद्रात मात्र नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत.