पिवळे ठिपके आणि निनावी पत्र

सोसायटीच्या हिशेबातल्या घोळाबद्दल निबंधकांना निनावी पत्र पाठवायचंय, ऑफिसच्या कलर लेझरवर काढलं तर कागदावरून कुणी माग काढेल का, असं तुम्ही विचारलंय. बरेच कलर लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर माग काढता येईल असे बारीक पिवळे ठिपके गुपचूप छापतात, ही गोष्ट खरी आहे. मी स्वतः पाहिलेत. जवळजवळ कोरं पान छापलं, खोलीत अंधार केला आणि निळ्या एलईडीच्या उजेडात भिंग धरलं. एरवी पांढऱ्यावर न दिसणारी पिवळी टिंबं काळपट होऊन उमटली. खसखशीहून बारीक, आणि तीच नक्षी पानभर पुन्हा पुन्हा. टॉर्च नसेल तर ६०० डीपीआयला स्कॅन करून गिंप या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त निळा चॅनेल बघा.

२००५ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या अमेरिकन संस्थेने झेरॉक्स कंपनीच्या डॉक्युकलर मशीनच्या ठिपक्यांचा कोड उलगडला: १५ स्तंभ, ८ ओळी, त्यात तारीख, वेळ आणि मशीनचा सिरीयल नंबर. तुमचं नाव त्यात कुठेच नसतं.

या विषयात रिॲलिटी विनर नावाच्या अमेरिकन बाईचं उदाहरण हमखास येतं. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेचा गोपनीय अहवाल तिने बाहेर पाठवला. 'द इंटरसेप्ट' या वृत्तसंस्थेने प्रसिद्ध केलेल्या स्कॅनमधल्या ठिपक्यांवरून ९ मे २०१७, ६:२० ही वेळ लोकांनी वाचून दाखवली. पण एफबीआयचं शपथपत्र वाचा. कागदावर घडीची खूण होती, म्हणजे प्रिंट काढून नेलेली. अहवालाची प्रिंट काढणारे सहाच जण निघाले, आणि त्यातल्या फक्त विनरच्याच ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून त्या वृत्तसंस्थेला ईमेल गेलेला होता. शपथपत्रात ठिपक्यांचा उल्लेखसुद्धा नाही!

म्हणून ऑफिसचा प्रिंटर विसरा. कुणी, कधी, कुठल्या नावाची फाइल छापली हे बहुतेक ऑफिसांत सर्व्हरवर आपोआप नोंदलं जातं. ठिपके टाळायला साधा ब्लॅक अँड व्हाइट लेझर पुरे. पिवळा टोनरच नाही तर पिवळं टिंब येणार कुठून? (ड्रेस्डेनच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी ठिपके निकामी करणारं 'डेडा' नावाचं सॉफ्टवेअर काढलंय, पण एका पत्रासाठी कशाला एवढा खटाटोप.)

झेरॉक्सच्या दुकानात फाइल व्हॉट्सॲपवर पाठवू नका, तुमचा नंबर तिथेच राहतो. पेन ड्राइव्ह न्या, डेस्कटॉपवर कॉपी केली असेल तर समोर उभं राहून रिसायकल बिनसकट डिलीट करून घ्या, पैसे रोख द्या.

आणि मसुदा पुन्हा वाचा. समजा, त्यात टाकीच्या दुरुस्तीच्या बिलाचा उल्लेख आहे आणि ते बिल कमिटीबाहेर फक्त तुम्हीच पाहिलं असेल, तर ते वाक्य आधी काढा.