पंचगंगेवरचा शिवाजी पूल शिवकालीन आहे का?

नाही, कोल्हापूरचा शिवाजी पूल शिवकालीन नाही. तो ब्रिटिश अमदानीतला, 1870 च्या दशकातला आहे. नावामुळे घोटाळा होतो. पूल झाला तेव्हा करवीरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज (1871 ते 1883) होते. काळा दगड आणि कमानी बघून लोक तो मध्ययुगीन समजतात, पण दगडी कमानीचं तंत्र दोन्ही काळांत एकच: आधी लाकडी साचा उभा करायचा, त्यावर पाचरीसारखे घडवलेले दगड दोन्ही बाजूंनी रचत आणायचे, शेवटी माथ्यावरचा दगड ठोकून बसवायचा आणि मग साचा काढायचा. वरून भार आला की दगड एकमेकांत आणखी आवळतात, म्हणून पाया आणि दगडांमधले सांधे सांभाळले तर अशी कमान शतकानुशतकं टिकते. त्यामुळे नुसत्या दिसण्यावरून वय ठरवू नका. अर्थात, शिवकालीन पूल नाहीतच असंही नाही. प्रतापगडाच्या पायथ्याशी पार गावात कोयनेवरचा दगडी पूल शिवकाळातला मानतात, तो जरूर बघा. आणि जुनंच हवं असेल तर शिवाजी पुलाला लागून असलेली ब्रह्मपुरीची टेकडी आहे की! तिथल्या उत्खननात थेट सातवाहन काळातली वस्ती सापडली. जाताना दुचाकी बाजूच्या नव्या पुलावरून न्या. वाहतूक आता तिकडूनच चालते.