वाचक विचारतात : पेंटॅक्सला धरून राहावे का?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. ब्रह्मपुरी तालुक्यातील एका खेड्यात माझा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. वडील पेंटॅक्स कंपनीच्या के-१००० या रोलच्या कॅमेऱ्यावर फोटो काढत, म्हणून मीही पेंटॅक्सच घेतला. आज माझ्याकडे दोन डिजिटल बॉडी आणि पाच लेन्स आहेत. त्यांतील ५० एमएमची लेन्स वडिलांची. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचे आणि पुढे लग्नांचे काम असते. परवा नागपूरला गेलो असता एका दुकानदाराने "हे आता मोडीत काढा" असे सुनावले. मन तयार होत नाही. हा वेडेपणा आहे काय?
— एक वाचक, जि. चंद्रपूर

उत्तर : वेडेपणा म्हणता येणार नाही, मात्र आपला जीव कंपनीत अडकला आहे की लेन्समध्ये, हे आधी पाहावे लागेल. के-१००० तयार करणारी असाही ऑप्टिकल ही १९१९ सालची कंपनी. तिचा कारभार २००८ मध्ये होयाकडे आणि २०११ मध्ये रिकोकडे गेला. म्हणजे आपल्या वडिलांनी ज्यांच्यावर विश्वास टाकला ते मालक केव्हाच बदलले, दारावरची 'पेंटॅक्स' ही पाटी तेवढी राहिली. याउलट के माउंट, म्हणजे लेन्स बॉडीवर जिथे फिरवून बसवतो ती कडी, १९७५ पासून त्याच मापाची आहे आणि म्हणूनच वडिलांची ५० एमएम आपल्या डिजिटल बॉडीवर आजही चढते. आपली निष्ठा या कडीशी असेल तर तिला व्यवहाराचाही आधार आहे.

भरभराटीतली कंपनी ग्राहकाला सांभाळतेच असेही नाही. कॅननने १९८७ मध्ये माउंट बदलला, तेव्हा जुन्या माउंटच्या एफडी लेन्सनी पिशवी भरलेल्यांना नव्या बॉडीसाठी पुन्हा पहिल्यापासून खरेदी करावी लागली. कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये कॅमेऱ्याचा व्यवसाय सोडला. तो घेणाऱ्या सोनीने जुना माउंट काही वर्षे चालवला खरा, पण पुढे त्यांचे सारे लक्ष ई माउंट या आपल्या नव्या कडीकडे वळले.

तरीही दुकानदाराचे बोलणे अगदीच उडवून लावू नये. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते. २०२० मध्ये ती संख्या ९० लाखांच्याही खाली आली. बाकीचे गिऱ्हाईक मोबाइलने नेले. उरलेल्या बाजारात बहुतेक कंपन्या मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे, गेल्या असताना, आपण आरशाचा एसएलआरच बनवत राहू, असे पेंटॅक्सने २०२० मध्ये जाहीर केले. त्यानंतर २०२१ मध्ये के-३ मार्क थ्री आला आणि २०२४ मध्ये चक्क रोलवर चालणारा पेंटॅक्स १७. कंपनी जिवंत आहे, पण ती थोड्या हौशी लोकांसाठी वस्तू करते आहे, आणि त्या थोड्यांत लग्नाचा फोटोग्राफर क्वचितच बसतो.

म्हणून आपल्या कामाचे दोन भाग करावेत. रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाटकासाठी आपला कॅमेरा मुळीच कालबाह्य झालेला नाही. हात थरथरला तर सावरण्याची सोय पेंटॅक्सच्या बॉडीतच असल्यामुळे वडिलांच्या जुन्या लेन्सलाही तिचा लाभ मिळतो. तशी लेन्स लावून कॅमेरा सुरू केला की तो लेन्सची फोकल लेंग्थ, म्हणजे तिच्यावरचा एमएमचा आकडा, विचारतो. तिथे ५० भरायचे, मॅन्युअलवर ठेवून हिरवे बटण दाबायचे, म्हणजे प्रकाशाचे माप हाती येते. अर्थात ही सोय आपला हात सावरते, तलवार उपसून धावणाऱ्या नटाला नाही. त्याच्यासाठी शटरचा वेग वाढवावाच लागेल.

लग्नाचे तसे नाही. वरमाला पडते तो क्षण, गर्दीतून धावत येणारी करवली आणि "संध्याकाळपर्यंत रील द्या" म्हणणारा नवरदेवाचा भाऊ, या तिन्ही ठिकाणी डोळ्यावर आपोआप फोकस धरणारा मिररलेस आपल्या कॅमेऱ्याच्या पुढे आहे, हे मान्य करावे. कमी वापरातली एक बॉडी विकून, त्यात भर घालून, जवळच्या शहरात दुरुस्ती होऊ शकेल अशा कंपनीची एक वापरलेली मिररलेस बॉडी आणि एकच लेन्स घ्यावी. पेंटॅक्सच्या लेन्स मात्र विकू नयेत. के माउंटमध्ये लेन्सच्या कडीपासून चित्र टिपणाऱ्या सेन्सरपर्यंतचे अंतर ४५.४६ मिमी असते आणि मिररलेसमध्ये ते साधारण १६ ते २० मिमी. मधली जागा साध्या अडॅप्टरने भरून निघते. फोकस हाताने करावा लागेल, आणि ज्या लेन्सवर अपर्चरची, म्हणजे प्रकाश आत सोडणारे भोक लहानमोठे करण्याची, रिंग नाही तिच्यासाठी ती सोय असलेला अडॅप्टर पाहावा.

जास्तीची बॅटरी आजच घेऊन ठेवावी. नवी महाग पेंटॅक्स लेन्स मात्र घेऊ नये. धानपट्ट्यातल्या दमट पावसाळ्यात लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवत असालच. नसाल तर कंपनी बुडण्याच्या आत बुरशीच त्या लेन्स बुडवील.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. ओळखीचे एक काका त्यांचा जुना पेंटॅक्स एका लेन्ससह स्वस्तात देत आहेत आणि "याच्यासारखा कॅमेरा नाही" म्हणतात. घ्यावा का?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : काकांचे प्रेम त्यांच्या लेन्सवर आणि सवयीवर आहे, आपल्याजवळ यांतले काहीच नाही, तेव्हा ते प्रेम विकत घेण्याचे कारण नाही. शिकण्यापुरता आणि खरोखरच स्वस्त असेल तर जरूर घ्यावा. पैसे देण्याआधी अपर्चर एफ/१६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढावा आणि मोठा करून सेन्सरवरचे डाग पाहावेत. मग लेन्स काढून तिच्यातून मोबाइलच्या टॉर्चकडे पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके तंतू दिसले तर ती बुरशी आहे, आणि त्या लेन्सचे पैसे किमतीतून वजा करून मागावेत.