टॉवेलच्या धंद्यात उतरताना

आपण अक्कलकोट रस्त्यावर सहा यंत्रमाग घेतले असून पहिला मोठा माल दिवाळीआधी पोहोचवायचा आहे, असे आपण कळवलेत, म्हणून व्हिडिओ गेमच्या व्यवसायातील एक प्रसंग आवर्जून सांगतो. १९८२ मध्ये अटारी कंपनीने एका गाजलेल्या चित्रपटावरील खेळ नाताळचा हंगाम साधण्यासाठी जेमतेम पाच आठवड्यांत तयार करून घेतला आणि त्याच्या लाखो प्रती बाजारात ओतल्या. न खपलेला माल पुढच्या वर्षी न्यू मेक्सिकोतील आलामोगोर्डोच्या कचराभूमीत पुरावा लागला आणि २०१४ मध्ये त्यातला काही भाग उकरून काढला गेला. इतरांचेही सुमार खेळ तेव्हा बाजारात साचले होते, त्यामुळे दुकानदारांचा विश्वासच उडाला. पुढे निन्टेन्डो या जपानी खेळ-कंपनीने अमेरिकेत पाय रोवताना बाहेरच्या प्रत्येक प्रकाशकाला वर्षाला केवळ पाच खेळांची मुभा दिली आणि तपासलेल्या खेळांवर आपली मोहोर उमटवली. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो.

माझ्या पहिल्या दिवाळीत मी घाईने गडद लाल टॉवेल न धुता पाठवले आणि गिऱ्हाइकांच्या पांढऱ्या कपड्यांना रंग लागल्याने सगळे गठ्ठे परत आले. तेव्हापासून एका वेळी रंगवलेल्या प्रत्येक खेपेतला एक टॉवेल पांढऱ्या मलमलीच्या तुकड्यासह रात्रभर साबणाच्या पाण्यात भिजवतो; सकाळी मलमल गुलाबी दिसली, तर त्या मालावर आमचे लेबल शिवले जात नाही. आपणही व्यापाऱ्याकडे निम्माच माल दिवाळीआधी देऊन उरलेल्यासाठी नंतरची मुदत आजच मागून घ्या.