माझा मुलगा ९ वर्षांचा, उंची १३४ सेंटीमीटर, वजन ४४ किलो. सासूबाई म्हणतात, "बाळसं आहे, वाढत्या वयात उतरेल." खरंच उतरेल का?

ताई, उतरेल म्हणून वाट बघू नका. आम्ही लेकीच्या बाबतीत दोन वर्षं तेच केलं.

बाळसं पहिल्या वर्षाचं. त्यानंतर पाच-सहा वर्षांपर्यंत मूल उलट सडसडीत होत जातं आणि मग पुन्हा हळूहळू भरतं. तुमच्या मुलाचा बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागून येणारा आकडा, साडेचोवीस येतो. मोठ्या माणसात हा आकडा "जरा जास्त" म्हणून खपून जातो, पण मुलांचा आकडा वयाच्या तक्त्यावर लावून बघावा लागतो. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे तक्ते आहेत, ५ ते १८ वर्षांसाठी. त्यात नऊ वर्षांच्या मुलाला साडेचोवीस म्हणजे लठ्ठपणाच्या रेषेच्या बराच वर.

माझी मुलगी नऊ वर्षांची असताना तिची मान काळी पडली. मी दर रविवारी बेसन आणि लिंबू लावून घासायचे. ती रडायची, मी वर ओरडायचे की नीट अंघोळ करत नाहीस. शेवटी मुलांच्या हार्मोनतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिची वेणी वर धरली, मानेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हा मळ नाहीये, घासू नका." कातडी मखमलीसारखी जाड झाली होती. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की रक्तात इन्सुलिन वाढत जातं, त्याची ती खूण. घरी आल्यावर मी लेकीची माफी मागितली. तुम्ही आजच मुलाची मान आणि काख बघा. रात्री घोरत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

आता सासूबाईंचं. त्यांच्यावर रागावू नका, हे मी अगदी मनापासून सांगते. माझ्या सासूबाई लालबागच्या. १९८२ च्या गिरणी संपात घरात पगार येईना, तेव्हा त्यांनी पोरांना पेज पाजून झोपवलंय. त्यांना गुबगुबीत नात म्हणजे घर सावरल्याची खात्री. वरणभातावर तुपाची धार धरताना त्यांचा हात थांबायचाच नाही. त्या उपासमारीचाही या प्रश्नाशी संबंध आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलंय की आपली बाळं वजनाने लहान जन्मतात, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त असते. आईच्या पोटात कमी पोषण आणि नंतर भरपूर खाणं, हा मेळ शरीराला झेपत नाही. सासूबाईंना हे नीट समजावल्यावर तूप त्यांनीच कमी केलं.

आणि मुलाला आळशी तर अजिबात म्हणू नका. आमची पिढी चाळीत डबा ऐसपैस, लगोरी खेळत वाढली. आता आमच्या सोसायटीत खाली गाड्या आणि भिंतीवर "येथे खेळण्यास सक्त मनाई आहे". शाळा, क्लास, मग मोबाइल. खेळणार कधी आणि कुठे? ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी तासभर धावपळ हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आम्ही सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडून संध्याकाळी ६ ते ७ मागचा भाग गाड्यांपासून मोकळा करून घेतला. मला वाटतं, आमच्या सगळ्या उपायांत हाच मोठा होता.

डॉक्टरांनी डाएट दिलंच नाही. म्हणाल्या, "वजन उतरवायच्या मागे लागू नका, चढणं थांबवा. उंची वाढतेय, ती आपलं काम करेल." घरात सगळ्यांसाठीच सरबत, कोल्ड्रिंक, पॅकेटमधला ज्यूस बंद केला, एकट्या तिच्यासाठी नाही. ३०० मिलिलिटर कोल्ड्रिंकमध्ये तीसेक ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. दुधात घालायची चॉकलेटी पावडरही गेली. असल्या पेयांना "हेल्थ ड्रिंक" म्हणून विकू नका, असं २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना सांगितलंय. वडापाव मात्र शनिवारी ठरलेला, कारण बंदी घातली की मुलं चोरून खातात. झोप साडेनऊला. दोन वर्षांत वजन ४८ वरून ५१ झालं आणि उंची १३६ वरून १४८. म्हणजे वजन वाढूनही बीएमआय २६ वरून २३ वर आला. मान बरीच उजळली.

डॉक्टरांकडे जाताना एक गोष्ट न विसरता न्या: शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं. त्यात बहुधा दरवर्षीची उंची आणि वजन लिहिलेलं असतं. नुसत्या खाण्याने वजन वाढलेली मुलं सहसा वयाच्या मानाने उंच असतात. वजन चढतंय आणि उंची अडकलीय असं दिसलं, तर थायरॉइड किंवा दुसरा हार्मोनचा आजार तपासावा लागतो. आमच्या डॉक्टरांनी वजनकाट्याकडे बघायच्या आधी तीच पानं उलटली होती.