घरी मॅच बघायला मंडळी येणार असतील तर

पहिल्यांदाच बोलावताय ना, मग तळणीच्या नादी लागू नका. कढईपाशी उभं राहिलात की मॅच हुकलीच. डिप चक्क्याचं करा: १ लिटर दही मलमलच्या कापडात बांधून, चाळणीत ठेवून, रात्रभर फ्रिजमध्येच निथळू द्या. पुण्याच्या एप्रिलमध्ये बाहेर टांगलं तर हमखास आंबतं. घाई असेल तर डेअरीतून आयता चक्का आणा.

लसणाच्या ४ पाकळ्या चमचाभर तेलात गुलाबी परतून, ठेचून मिसळा. कच्चा लसूण थोड्या वेळाने उग्र लागतो. काकडी किसून, मीठ लावून १० मिनिटांनी घट्ट पिळा, नाहीतर डिपला पाणी सुटतं. वरून मीठ चाखूनच.

सोबत गाजर, खाकरा. बाकरवडी विकतची चालेल, भडंग मात्र घरचंच हवं. २०० ग्रॅम मुरमुरे मंद आचेवर भाजा. चिमटीत चुरा झाला पाहिजे. फोडणीत कढीपत्ता पूर्ण कुरकुरीत होऊ द्या, ओलसर राहिला तर मुरमुरे सादळतात. तिखट गॅस बंद केल्यावर घाला, नाहीतर करपतं. कांदा आणि लिंबू पातेल्यात अजिबात नको, ज्याच्या त्याच्या वाटीत, वाढताना.