आधी वॉर्डाचा तक्ता उघड
अगं, अभ्यासिका कुठल्या वस्तीत काढायची हे ठरवण्याआधी २०११ च्या जनगणनेतला इंदूरचा वॉर्डनिहाय तक्ता उघड. साक्षरांचा आकडा एकूण लोकसंख्येने भागू नकोस. ० ते ६ वयाची मुलं आधी वजा कर, कारण साक्षरता ७ वर्षांपासून पुढे मोजतात. पहिल्या वर्षी मी हे विसरले आणि लेकुरवाळी वस्ती उगाच निरक्षर ठरवून बसले. फार वाईट वाटलं होतं. बायकांचा रकाना वेगळा बघ, खरी तफावत तिथेच दिसते. तेव्हा वॉर्ड ६९ होते, आता ८५ आहेत, म्हणून जुना नकाशा शेजारी ठेव. पुढच्या गणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर दहा घरं स्वतः फिर, दारातल्या आजींना विचार, शाळा कुणाची सुटली.